माणिकप्पांचं समुद्राकाठचं शहर

कल्याणच्या पेठेत माणिकप्पांइतका लबाड असा भला माणूस दुसरा नव्हता. आज त्या गावाला बसवकल्याण म्हणतात. तेव्हा नुसतं कल्याण म्हटलं तरी भागायचं. माणिकप्पांची लबाडी डाळीच्या मापात कधी आली नाही. ती सगळी त्यांनी घरच्या कामासाठी राखून ठेवलेली होती. सरळ बोलून होणारं काम आडून केल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्यांना एकुलती एक मुलगी होती, शिवगंगा. तिचं लग्न व्हावं असं त्यांना मनापासून वाटे. फक्त लग्न होऊन तिनं कुठं जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पेठेतलंच एखादं घर मिळावं, फार तर किल्ल्याच्या वाटेवरचं. सकाळी दुकान उघडायला निघताना लेकीच्या दारावरून जावं, तिनं आतून "अप्पा, चहा घेऊन जावा" म्हणावं आणि आपण "उशीर व्हायलाय गं" म्हणत आत जाऊन बसावं. माणसानं याहून मोठं काय मागायचं! उदगीरचं एक चांगलं स्थळ त्यांनी 'लांब पडतंय' म्हणून परत लावलं होतं.

आणि नेमका इथंच भाचा आडवा आला.

माणिकप्पांची थोरली बहीण लिंगम्मा चिंताकीला दिलेली. तिचा मुलगा सोमशेखर. त्या मुलखात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. भाच्याला नको म्हणणं म्हणजे बहिणीच्या तोंडावर दार लावणं. त्यातून मुलगा नको म्हणण्यासारखा असता तर गोष्ट वेगळी. पण हा गुणी, निर्व्यसनी, मोठ्यांसमोर मान खाली घालणारा. हैदराबादेत नकाशे काढायच्या एका कचेरीत तो कच्च्या नोकरीवर होता. त्याची रेघ अशी सरळ की फुटपट्टीनं त्याच्याकडून शिकावं. फक्त शिवगंगेचं नाव निघालं की त्याचे कान लाल व्हायचे आणि रेघ थोडी हलायची.

ते छप्पन साल होतं. हैदराबाद संस्थानाचं राज्य मोडून त्याचे तीन वाटे होणार हे ठरलं होतं. एक वाटा आंध्राकडं, एक मुंबईकडं आणि कल्याणचा वाटा म्हैसूरकडं. राज्याबरोबर कचेऱ्यांचेही वाटे व्हायला लागले. टेबलं मोजली, कपाटं मोजली, मग माणसं मोजली. सोमशेखरच्या कचेरीत साहेबांनी कच्च्या नोकरांना उभं करून सांगितलं, की म्हैसूरच्या नव्या राज्याला समुद्रकिनारा आहे आणि तिथल्या कामाला नकाशेवाले लागणार आहेत. ज्याला पक्कं व्हायचं असेल त्यानं समुद्राकाठच्या एका नव्या शहराचा नकाशा काढून दसऱ्याच्या आत आणून द्यावा. पसंत पडला तर किनाऱ्यावर नोकरी, नाहीतर घरचा रस्ता.

सोमशेखर कागदाची भलीमोठी गुंडाळी घेऊन कल्याणला आला, कारण चिंताकीच्या घरात एवढा कागद पसरायला जागा नव्हती. मामाच्या दुकानावरची माडी मोठी आणि उजेडाची. येताना त्यानं आईचा निरोपही आणला.

"अव्वा मनलीया," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "की माझं काम पक्कं झालं की शिवगंगेला... म्हणजे... तुमी समजून घ्या मनलीया."

"आन काम न्हाई झालं तर?" माणिकप्पांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मग मी परत येणार की, मामा. दुसरं काय! तुमच्या दुकानात बसीन. डाळ मापीन."

माणिकप्पांचे डोळे चमकले. नकाशा पसंत पडला तर भाचा लेकीला घेऊन समुद्राकाठी जाणार. आणि नकाशा फसला तर भाचा दुकानात, लेक पेठेत, बहीण खूश, चहा सकाळचा. म्हणजे बहिणीला नाही म्हणायचं कामच नव्हतं. फक्त नकाशा फसायला पाहिजे होता.

"बस बस माडीवर," माणिकप्पा प्रेमानं म्हणाले. "लागंल ती मदत करतो तुला."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी बायकोच्या, गौरम्माच्या, कानावर बेत घातला. ती भाकरी थापता थापता थांबली.

"पोराच्या पोटावर पाय द्यायलाव की तुमी."

"पाय कुठं द्यायलोय? मदत करायलोय मी. कल्याणच्या लोकांनी मदत केलेली एक तरी भिंत सरळ उभी राहिलेली बघितलीस का तू?"

ते मात्र खरं होतं. कल्याणात कुणी साधा गोठा बांधायला काढला तरी वाटेनं जाणारा थांबायचा, दार इकडं कशाला, उतार तिकडं कशाला म्हणायचा, आणि धन्याला त्याचं मन मोडवायचं नाही. गोठा संपेपर्यंत म्हशीला आत शिरायला जागा उरत नसे. माणिकप्पांनी तोच प्रयोग शहरावर करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या कट्ट्यावर बसून पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "सोमशेखर समुद्राकाठी नवं शहर बांधायलाय. काय सुचवायचं असंल तर माडीवर जावा." तासाभरात जिन्यावर चपलांचा ढीग लागला.

गावात समुद्र बघितलेला माणूस एकही नव्हता. पण त्यानं कुणाचं अडलं नाही. निजामाकडं एवढं सोनं-नाणं, हिरे-माणकं. पण हातभर समुद्र काही त्याच्या राज्यात नव्हता. सात पिढ्यांत जे मिळालं नाही ते आता आपल्याला मिळणार म्हटल्यावर माणसं आधीच हवेत होती. उद्धवराव शेतकरी तेवढे रुसलेले. त्यांना मुंबईच्या बाजूला जायचं होतं. पण माडीवर येऊन त्यांनी विचारलं, "मुंबईचा समुद्र आन हा समुद्र एकच हाय का रे?" सोमशेखर "व्हय काका, एकच" म्हणाला, तेव्हा त्यांचा रुसवा बराच उतरला आणि ते मांडी घालून बसले.

"मग लिही. म्हशी कुठं बसणार?"

"म्हशी, काका?"

"शहरात दूध लागंल का न्हाई? म्हशी पाण्यात बसणार. पण लाट आल्यावर म्हैस बसून राहील का उठून घराकडं येईल, ह्येचा विचार केलास का?"

सोमशेखरनं केला नव्हता. मोठ्या माणसाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्यानं काठावर म्हशींसाठी एक दगडी उतार काढला. मग पंचमीचा झोका बांधायला झाडं आली. बसवण्णांच्या देवळासमोर रथ वळवायला जागा आली आणि तिच्यासाठी कचेऱ्यांची एक अख्खी ओळ मागं सरकली. प्रत्येक घरापुढं कट्टा आला, कारण कट्ट्याशिवाय माणसानं संध्याकाळी बसायचं कुठं? मराठी शाळा आणि कानडी शाळा समोरासमोर आल्या, मध्ये उर्दू शाळा आली. भांडणं सोडवायला तिला मधे ठेवलं असं सगळ्यांचं मत पडलं. बस-स्टँडजवळ खानावळ चालवणाऱ्या दानम्मा माडीवर आल्या तेव्हा जिना वाजला आणि बसलेले पुरुष आपोआप सरकले.

"समुद्राचं पाणी खारट असतंय मनं," दानम्मा म्हणाल्या. "मग आमटीला मीठ कामून टाकायचं? माझी खानावळ पाण्याच्या जवळ काढ. पोहऱ्यानं वढून घ्यायचं, आन डाळीत वतायचं!"

माडी खो-खो हसली. सोमशेखरनं खानावळ काढली. खाली कट्ट्यावर माणिकप्पा मांडीवर थाप मारून घेत होते. असला नकाशा कोणता साहेब पास करणार!

इथवर सगळं बेताप्रमाणं चाललं होतं. मग माणिकप्पांचंच काहीतरी बिघडलं.

झालं असं, की एक दिवस सोमशेखर खाली येऊन म्हणाला, "मामा, बाजार कुठं घेऊ ते सुचंना झालंय." माणिकप्पांनी उगीच दाखवायचं म्हणून गोणपाटावर मूठभर तूर सांडली आणि बोटानं दोन रस्ते ओढले. "हे बघ. बाजार चौकात घेतलास तर बैलगाड्या अडतेल. जरा खाली घे." खाली घेतल्यावर वखारी लांब पडल्या. म्हणून त्यांनी हरभऱ्याच्या वखारी केल्या. वखारींना रस्ता हवा म्हणून मुगाचा रस्ता आला. रस्ता आला की वळण आलं, वळणावर पिंपळ आला, पिंपळाखाली पार आला. माणिकप्पांनी मान वर केली तेव्हा दुपार उलटून गेली होती, आणि दुकानासमोर तीन गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन गप्प उभी राहून बघत होती.

"मसूर द्या," त्यातलं एक म्हणालं.

"मसूर न्हाई."

"ही काय इतकी पडलीय की!"

"त्ये रेल्वे स्टेशन हाय," माणिकप्पा म्हणाले. "उद्या या."

त्या दिवसापासून पेठेत डाळ मिळणं अवघड झालं. माणिकप्पा दुकान उघडायचे ते शहर मांडायला. उडदाचा समुद्र कधी भरती आल्यासारखा गल्ल्यापर्यंत यायचा, तर कधी त्यात एखादी चिमणी उतरून बंदराचा धक्का टिपून न्यायची. रस्त्यात भेटलेल्या माणसाला ते "काय, बरंय का" म्हणायच्याऐवजी "तुमच्या घराला मागनं दार ठेवलंय बरं का" म्हणायचे, आणि त्या माणसालाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही. सगळं गावच तसं झालं होतं. दोघी जावांचं भांडण झालं तर एक दुसरीला म्हणे, "समुद्राकाठी तरी तुझं तोंड बघायचं न्हाई मला," आणि तिचा नवरा लगेच माडीवर जाऊन घर दुसऱ्या गल्लीत हलवून घेई.

माडीवर आता शिवगंगाही बसू लागली. घराघरावर नावं घालायची होती आणि तिचं अक्षर चांगलं. मराठी, कानडी दोन्हीही. सोमशेखर घर काढी, ती नाव लिही. दिवसाला पाच-सात घरं व्हायची. दोघं इतकं हळू काम करतात असं बघून गौरम्मानं एकदा जिन्यात उभं राहून कानोसा घेतला. वर बोलणं काहीच नव्हतं. फक्त अधूनमधून कुणीतरी हसायचं, आणि मग दुसरं हसायचं.

"तुमी नक्शा बिघडवणार होताव न्हवं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"बिघडवायलोच की!" माणिकप्पा हरभऱ्याची ओळ सरळ करत म्हणाले. "हे काय करायलोय मग?"

शेवटी राहिलं काठाचं भांडण. पाण्याला लागून असलेल्या घरांची एक लांब ओळ रिकामीच राहिली. तिथं जायला कुणी तयार होईना. कल्याणकरांना पाणी म्हणजे गावाबाहेरचं तळं माहीत. तळ्याकाठी धुणं धुतात, म्हशी बसतात आणि पहाटे माणसं लोटा घेऊन जातात. अब्रूदार माणसाच्या घराची पाठ तिकडं असते. ज्याला गावात कुठं जागा मिळत नाही तो तळ्याकाठी झोपडी घालतो. मग समुद्र तर केवढं मोठं तळं! उद्धवरावांना सोमशेखरनं भीत भीत काठावरची जागा दाखवली तेव्हा ते उठून उभेच राहिले.

"माझ्या तीन पिढ्यांत कुणी पाण्याकडं तोंड करून राह्यलं न्हाई. मला काय वाळीत टाकायलास का?"

"काका, वारा येईल..."

"वारा न्हवं, वास येईल वास!"

दानम्माही उखडल्या. खानावळ पाण्याजवळ पाहिजे, पण दार तिकडं नको, आणि त्यांच्या पुढं पाण्याच्या बाजूला दुसरं कुणी नको. माडीवर आवाज चढले. ज्या माणसांना अजून एक वीटही मिळाली नव्हती ती घरं सोडून चालल्यासारखी जिना उतरू लागली. समुद्राकाठचं शहर समुद्रावरूनच मोडायला आलं.

माणिकप्पांना हेच तर पाहिजे होतं. स्वस्थ बसले असते तर काम झालं होतं. पण ते खालून ओरडत वर आले, धोतराचा सोगा हातात धरून.

"थांबा! कुणी जाऊ नका! काठावर कुणाचंच घर नको. सगळी ओळ पुसून टाक सोमशेखर. काठ सगळ्यांचा. धुणाऱ्यानं धुवावं, म्हशीनं बसावं, पोरांनी लोळावं. बायांला संध्याकाळचं बसायला पायऱ्या कर. ह्या टोकापासनं त्या टोकापत्तुर मोकळं ठेव. कुणाच्या बापाचं न्हाई, आन कुणाच्या बापाला न्हाई म्हणायचं न्हाई!"

उद्धवराव जिन्यातून परत वर आले आणि बसले. दानम्मा म्हणाल्या, "आत्ता कसं बोललाव!" सोमशेखरनं खोडरबर घेतलं. माणिकप्पांचा ऊर भरून आला. त्यांना आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात नकाशा पुरा झाला. सोमशेखर अंघोळ आणि पूजा उरकायला आत गेला होता. माणिकप्पा एकटेच माडीवर गेले. दुपारचं ऊन कागदावर पडलं होतं आणि शेजारी काळ्या शाईची दौत उघडी होती.

त्यांना एकदम सगळं आठवलं. हा कागद उद्या हैदराबादेला जाणार. तो चांगला झाला होता, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? आणि तो चांगला झाला म्हणजे लेक चालली. एवढे दिवस आपण हातानं, हौसेनं, गिऱ्हाइकं परत लावून लेकीला घालवायची तयारी करत होतो! दौत काठावरच होती. धोतराचा नुसता सोगा लागला असता तरी पुरे होतं. कुणी काही म्हटलं नसतं. मामाचा धक्का लागला, मामा रडले, संपलं.

त्यांनी हात पुढं केला. कुठं ओतावी म्हणून कागदावरून नजर फिरवली, आणि उगवतीच्या गल्लीच्या टोकाच्या घरावर ती थांबली. त्या घरावरचं नाव शिवगंगेच्या अक्षरात नव्हतं. ते सोमशेखरनं लिहिलेलं होतं, बारीक, कुणाला दिसू नये असं. 'शिवगंगा.' रेघ थोडी हललेली होती.

माणिकप्पा ते घर बघत राहिले. लहानसं होतं. पुढं कट्टा होता, मागं परस. आणि गोड्या पाण्याची विहीर थेट पिंपळाच्या पाराजवळ होती, दोन गल्ल्या पलीकडं.

"अरे ए!" ते जिन्याकडं वळून ओरडले. "सोमशेखर! वर ये आधी! अरे, पोरीनं पाणी इतक्या लांबनं आणायचं का? विहीर हिकडं घे! ह्या कोपऱ्यावर घे!"

सोमशेखर ओल्या अंगानं, कपाळावरची विभूती न वाळलेली, धावत आला. विहीर हलली. विहिरीसाठी पार हलला, पारासाठी रस्ता हलला, आणि संध्याकाळपर्यंत मामा-भाचे दोघं कागदावर ओणवे होते. दौतीला माणिकप्पांनी स्वतःच्या हातानं बूच लावलं. तिथून पुढं ते नकाशा पसंत पडावा म्हणून रोज देवाला सांगायला लागले, आणि सांगून झालं की घाबरून गप्प बसायला लागले.

सोमशेखर हैदराबादेहून परतला तेव्हा दसऱ्याचं सोनं अजून सुकलेलं नव्हतं. बस थांबायच्या आत अर्धा बाजार तिच्याभोवती होता.

"काय झालं? बोल की!" उद्धवराव ओरडले.

"पास झाला," सोमशेखर म्हणाला. त्याचा स्वतःचाही विश्वास बसलेला दिसत नव्हता. "मोठ्या साहेबांनी सगळे नक्शे भिंतीला लावले. माझ्यापाशी आले आन मनले, 'काठावर एकबी बंगला कामून न्हाई?' मी खरं ते सांगितलं. मनलं, 'साहेब, तिथं राहायला कुणी तयारच झालं न्हाई.' साहेब हसले. चष्मा काढून डोळे पुसून हसले. बाकीच्या सगळ्यांनी काठ साहेबलोकांच्या बंगल्यांला देऊन टाकला होता. साहेब मनले, समुद्र सगळ्यांसाठी ठेवलेला हा एकच नक्शा हाय. ही अक्कल कुणाची?"

"मग तू काय मनलास?" दानम्मांनी विचारलं.

"मामांची मनलं."

लोकांनी माणिकप्पांना उचललं. डाळीच्या पोत्यासारखं खांद्यावर घेतलं आणि बस-स्टँडपासून पेठेपर्यंत नेलं. ते वर हसत होते, खाली उतरवा म्हणत होते. सोमशेखर मागून सांगत होता, की हा नकाशा नुसता परीक्षेपुरता होता, शहर कधी बांधतील, बांधतील की नाही, काही नक्की नाही, आपली नोकरी तेवढी नक्की. त्याचं ऐकायला कुणाला वेळ होता! दानम्मांनी खानावळीत त्या दिवशी येईल त्याला जेवायला घातलं. उद्धवरावांनी ज्या शेजाऱ्याशी सहा वर्षं अबोला होता त्याला मिठी मारली, कारण समुद्राकाठी दोघांची परसं लागून आली होती.

संध्याकाळी घरात चौघंच राहिली तेव्हा सोमशेखर मामांसमोर येऊन बसला.

"मामा, मला एक बोलायचंय. मला सगळं कळलंय. मामींनी सांगितलं. तुमचा जीव शिवगंगेत हाय. मी नोकरीला न्हाई म्हणून कळवतो. नक्शा पास झाला, नाव झालं, मला तेवढं बास हाय. मी इथंच ऱ्हातो. दुकानात बसतो."

माणिकप्पांनी मागितलेलं सगळं त्यांच्यासमोर मांडी घालून बसलं होतं. त्यांना फक्त 'बरं' म्हणायचं होतं. त्यांनी गौरम्माकडं बघितलं, ती चुलीकडं बघत होती. मग त्यांनी शिवगंगेकडं बघितलं. एवढ्या दिवसांत गावातल्या म्हशींचंसुद्धा मत घेतलं होतं, पण हिला कुणी काही विचारलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"तू काय म्हणतीस गं?"

"मला तुमाला सोडून जायचं न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "आन मला जायचंय. दोन्ही खरं हाय. मी काय करू?"

माणिकप्पांना हसू आलं. असं उत्तर देणारी पोर त्यांचीच होती.

"जा," ते म्हणाले. मग सोमशेखरवर खेकसले, "दुकानात बसतो म्हणं! तुला तूर आन हरभऱ्यातला फरक तरी कळतोय का? गप नोकरीवर हजर व्हायचं. उद्या खरंच शहर बांधायला काढलं आन तू तिथं नसलास, तर काठावर बंगले बांधतेल की रे ते लोक!"

दिवाळीच्या सुमाराला राज्य मोडलं. कल्याण त्याच जागेवर राहिलं आणि समुद्र असलेल्या राज्यात गेलं. तुळशीचं लग्न झालं, त्यापाठोपाठ शिवगंगेचं. लिंगम्मानं भावाला घट्ट धरलं आणि रडून घेतलं. मग एका सकाळी दोघं सोलापूरच्या बसमध्ये बसली. तिथून पुढं रेल्वे, पुन्हा बस, आणि मग समुद्र.

माणिकप्पा खिडकीशी उभे राहून बोलतच होते. थांबलं तर काय होईल याची त्यांना भीती होती. पोहोचल्यावर आधी पाणी उकळून पी, वारा लागंल तर कान बांध, पिंपळाचं रोप तिकडं मिळतंय का बघ, उतार निसरडा असंल तर सोमशेखरला सांग. कंडक्टरनं घंटी मारली तरी त्यांचं चालूच होतं.

"अप्पा," शिवगंगा मधेच म्हणाली, "एक विचारू? नावं सगळी मी लिहिली. उद्धवकाकांचं घर झालं, दानम्मांची खानावळ झाली, चिंताकीच्या आत्याचं झालं. तुमचं आन अव्वाचं घर कुठंच न्हाई."

माणिकप्पा गप्प झाले. नव्हतंच. आधी शहर बुडवायचं होतं, बुडणाऱ्या शहरात स्वतःचं घर कोण बांधतो? आणि नंतर लोकांच्या घरांतून त्यांना सवडच झाली नाही.

"कुठं लिहू? सांगा लौकर."

बस हलली. माणिकप्पा खिडकीची दांडी धरून बरोबर चालू लागले. डोळ्यांसमोर ते गल्लीगल्लीतून फिरत होते. त्यांना ते शहर पाठ होतं आणि त्यात एक हात जागा रिकामी नव्हती. सगळी त्यांनीच वाटून टाकली होती.

"घर कशाला पायजे गं आमाला?" ते धावता धावता ओरडले. "आमी पावणे येऊ की! पावण्याला काय घर लागतंय?"

दांडी हातातून सुटली. बस उमरग्याच्या रस्त्याला वळली आणि धुरळा खाली बसायला लागला. तेव्हा कुठं माणिकप्पांना आपल्याच तोंडचा शब्द ऐकू आला. लेकीच्या घरी पावणे. ते मटकन रस्त्याच्या कडेला बसले आणि लहान पोरासारखे रडले. गौरम्मा पदर सावरत आली आणि त्यांच्याशेजारी मातीतच बसली.

थोड्या वेळानं उद्धवराव हळूच जवळ आले.

"माणिकप्पा," त्यांनी विचारलं, "पावणे म्हणून जायचं ते कधी? न्हाई, म्हणजे, माझं घर हायच की तिथं. माझ्याकडं उतरा."

माणिकप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"संक्रांतीला," ते म्हणाले.